पिनियनचा प्रीलोड पुन्हा पुन्हा का उतरतो? जुन्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचं दुखणं

तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. ठरावीक वेगाला मागून गुणगुण येते, पिनियनच्या, म्हणजे फिरकी ॲक्सलच्या आत नेणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या सीलमधून तेल झिरपतं, म्हणून डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला दात्यांचा गाभा) खाली उतरतं. नवी बेअरिंग, नवं सील, नट घट्ट. काही दिवस गाडी गप्प. मग ॲक्सिलरेटर सोडला की तीच गुणगुण आणि फ्लँजखाली (पिनियनच्या पुढच्या टोकावरची, प्रॉपेलर शाफ्ट जोडायची चकती) तोच तेलाचा ओघळ. पुन्हा खोलून बघावं तर पिनियन हाताने आत-बाहेर हलतो, प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब, नावालाही उरलेला नाही. यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे नट आणखी थोडा आवळणे. तो करू नका.

प्रीलोड नटात नसतो, अंतरात असतो. पिनियनच्या शाफ्टवर दोन टेपर रोलर बेअरिंग समोरासमोर बसतात: दात्यांच्या बाजूला मोठं, फ्लँजच्या बाजूला लहान. त्यांच्या बाहेरच्या रिंगा हाउसिंगमध्ये ठोकून बसवलेल्या असतात आणि आतल्या रिंगांमध्ये स्पेसर असतो. बाहेरच्या रिंगांमधल्या अंतराच्या मानाने आतल्या रिंगा काही शतांश मिलिमीटर जास्त जवळ आल्या की रोलर दाबले जातात. तोच प्रीलोड. नटाचं काम एवढंच, की फ्लँज, लहान बेअरिंगची आतली रिंग, शिम (जाडी जुळवायची पातळ चकती), स्पेसर आणि मोठ्या बेअरिंगची आतली रिंग ही सगळी चळत दगडासारखी एकत्र दाबून धरायची. म्हणून प्रीलोड पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर या चळतीतला किंवा बाहेरच्या रिंगेखालचा एखादा पृष्ठभाग अजून 'बसतोय'. तो कुठला, हे शोधणं हेच खरं काम.

एवढ्या बारीक दाबाचा इतका बाऊ का? क्राउन व्हील (पिनियनशी भिडणारं मोठं दातेरी चाक) आणि पिनियनचे दाते तिरके, वळणदार असतात. गाडी ओढताना ते पिनियनला एका दिशेने रेटतात, ॲक्सिलरेटर सोडून गाडी इंजिनावर थोपवताना उलट्या दिशेने. बेअरिंग सैल असेल तर प्रत्येक वेळी पिनियन किंचित सरकतो आणि दाते भलत्याच जागी भिडतात. ओढताना शांत आणि सोडल्यावर रडणारं डिफरन्शियल ऐकलं की म्हणूनच माझा पहिला संशय पिनियनच्या बेअरिंगवर जातो.

खोलण्याआधी

गळतीची तक्रार असेल तर पहिला हात ब्रीदरला लावा. ॲक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी टोपी किंवा छोटा व्हॉल्व्ह असतो. वर्षानुवर्षांच्या चिखलाने आणि चेसिसच्या रंगाने तो बुजतो. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही, मग ती सीलच्या ओठातून तेलासकट बाहेर पडते. ब्रीदर मोकळा न करता कितीही सील बदला, गळती थांबणार नाही. आणि दर वेळी सील बदलण्यासाठी नट सोडून पुन्हा आवळला की चांगला असलेला प्रीलोडही बिघडतो. बऱ्याच ॲक्सलची दुखणी इथूनच सुरू होतात, बेअरिंगचा त्यात काही दोष नसतो.

दुसरी गल्लत प्लेची, म्हणजे मोकळिकीची. फ्लँज धरून डावी-उजवी फिरवल्यावर जी टकटक जाणवते ती दात्यांमधली आणि पुढच्या सगळ्या सांध्यांची मोकळीक असते. थोडी हवीच. तिचा पिनियनच्या प्रीलोडशी संबंध नाही. बघायची ती फ्लँजची आत-बाहेर आणि वर-खाली चाल. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे येणारा फिरता दांडा) सोडवा, हाउसिंगवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) बसवा, टोक फ्लँजच्या तोंडावर टेकवा आणि फ्लँज जोराने ढकला-ओढा. काटा जरा जरी खेळला तरी प्रीलोड शून्याच्या खाली गेलेला आहे. प्रीलोड असलेल्या बेअरिंगमध्ये हाताच्या जोराने काटा हलत नाही.

आवाजावरूनही अंदाज येतो. पिनियनची बेअरिंग प्रॉपेलर शाफ्टच्या वेगाने फिरतात, म्हणजे 4:1 च्या ॲक्सलमध्ये चाकाच्या चौपट. त्यांची घरघर बारीक आणि उंच असते. चाकाच्या बेअरिंगचा आवाज जाडसर असतो आणि वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की बदलतो. हा भेद कानाला पटल्याशिवाय ॲक्सल उतरवू नका.

मोजायचं काय आणि कसं

मोजायचा तो पिनियन फिरता ठेवायला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. क्राउन व्हील काढलेलं, सील न बसवलेलं, बेअरिंगना ॲक्सलचंच तेल लावलेलं. ग्रीस नको, ते रीडिंग फुगवतं. कोरडी बेअरिंगही खोटं बोलतात. पिनियन दोन्ही दिशांना बऱ्यापैकी फिरवून घ्या म्हणजे रोलर आपापल्या जागी कडेला टेकतात, मग मोजा. फिरायला लागताना जो झटका लागतो तो सोडून द्यायचा, सावकाश एकसारखं फिरत असताना काटा जिथे थांबतो तो आकडा धरायचा. चाकाचे नट आवळायचा 'टक' वाजणारा रेंच इथे कुचकामी आहे. एकतर त्याची खालची मर्यादाच फार वर असते, आणि तो फिरतानाचा टॉर्क दाखवत नाही. लहान मापाचा, काट्याचा टॉर्क रेंच लागतो.

तो नसेल तर दोरा आणि स्प्रिंगचा वजनकाटा पुरतो. फ्लँजच्या गोल भागावर दोरा गुंडाळा, टोकाला काटा अडकवा आणि दोरा स्पर्शरेषेत एकसारखा ओढा. ओढ किलोत आणि दोरा बसलेल्या गोलाची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार हा टॉर्क. त्रिज्या 5 सेंटिमीटर आणि काटा 4 किलो दाखवत असेल तर 20 किलो-सेंटिमीटर, म्हणजे जवळपास 2 न्यूटन-मीटर किंवा 17 इंच-पाउंड. साधी युक्ती आहे, पण हाताला 'जरा घट्ट वाटतंय' यापेक्षा कितीतरी भरवशाची.

आकडा तुमच्या ॲक्सलच्या मॅन्युअलमधलाच घ्या. मध्यम आकाराच्या गाड्यांना नव्या बेअरिंगसाठी साधारण 15 ते 30 इंच-पाउंड मागितलेले दिसतात आणि चाललेल्या बेअरिंगसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा फरक महत्त्वाचा आहे. नव्या बेअरिंगचे पृष्ठभाग सुरुवातीला थोडे रुळतात, म्हणून त्यांना जास्त दाब देऊन ठेवतात. जुनीच बेअरिंग परत बसवून त्यांना नव्याचा आकडा दिलात तर ती तापून मरतील. उलट नव्या बेअरिंगना जुन्याचा आकडा दिलात तर रुळल्यावर प्रीलोड उतरणार, हे ठरलेलंच. मॅन्युअलमधला आकडा सीलसकट आहे की सीलशिवाय, हेही बघा. सीलच्या ओठाचं घर्षण एकट्यानेच काही इंच-पाउंड खातं आणि तुम्हाला वाटतं प्रीलोड मिळाला.

दोन प्रकारचे स्पेसर

जुन्या ॲक्सलमध्ये पोलादी, न दबणारा स्पेसर आणि सोबत शिम असतात. पुढे अनेक ठिकाणी चेपणारी स्लीव्ह आली, जिला वर्कशॉपमध्ये क्रश स्लीव्ह म्हणतात. आपल्या ॲक्सलमध्ये यातलं काय आहे हे कळेपर्यंत नटाला हात लावू नका, कारण दोघांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. पोलादी स्पेसरमध्ये नट मॅन्युअलच्या पूर्ण टॉर्कला आवळायचा आणि प्रीलोड शिमने ठरवायचा. क्रश स्लीव्हमध्ये नटाच्या टॉर्कला काही अर्थ नाही, फिरण्याचा टॉर्क मिळाला की थांबायचं.

शिमचं गणित सरळ आहे: शिम काढली की आतल्या रिंगा जवळ येतात, प्रीलोड वाढतो. घातली की सैल होतो. 0.025 मिलिमीटरची, म्हणजे एक थाऊची (इंचाच्या हजाराव्या भागाची) शिमसुद्धा काट्यावर स्पष्ट दिसते. एक फाटा मात्र लक्षात ठेवा. पिनियनची खोली, म्हणजे तो क्राउन व्हीलकडे किती आत बसतो ते, ठरवणारी शिम वेगळी असते. ती मोठ्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेमागे असेल आणि तुम्ही तिथे जाडी वाढवलीत, तर बाहेरच्या रिंगा एकमेकींपासून लांब जातात आणि प्रीलोड वाढतो. तेवढीच जाडी प्रीलोडच्या शिममध्येही वाढवावी लागते. खोलीची शिम पिनियनच्या डोक्यामागे आणि स्पेसर दोन्ही आतल्या रिंगांना टेकलेला असेल तर हा त्रास नाही. स्पेसरऐवजी शाफ्टवरच्या पायरीला शिम टेकत असतील तर पुन्हा आहे. म्हणून आधी खोली कायम करा, प्रीलोड नंतर.

मग उतरतो तो कुठे

माझ्या मते सर्वात जास्त वेळा गुन्हेगार सापडतो तो बाहेरच्या रिंगेच्या बैठकीवर. हाउसिंगमधून जुनी रिंग काढताना पंच आणि हातोडा चालतो. हाउसिंगमध्ये त्यासाठीच खाचा ठेवलेल्या असतात. पंच निसटला की बैठकीच्या कडेला खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या काठाशी धातू वर उचलला जातो. डोळ्यांना तो फक्त एक चमकता ओरखडा दिसतो. तिथे नख फिरवा, नख अडतं. नवी रिंग या उचललेल्या कडेवर टेकते, प्रीलोड अगदी मॅन्युअलप्रमाणे येतो, मन प्रसन्न. रस्त्यावर भार पडला की ती कड हळूहळू चेपते, रिंग शतांश-दोन शतांश खाली बसते आणि प्रीलोड गेला.

अशाच एका ॲक्सलमधून काढलेली रिंग मी उलटी करून पाहिली होती. मागच्या तोंडावर पूर्ण वर्तुळाचा एकसारखा राखाडी छाप हवा होता. त्याऐवजी एका बाजूला तांदळाएवढा चकचकीत ठिपका आणि त्याच्या बरोबर समोर जवळपास काहीच नाही. रिंग टेकली होती ती त्या ठिपक्यावर आणि किंचित तिरकी. हाउसिंगमध्ये त्याच जागी पंचाचा वार होता. सपाट कानशीच्या टोकाने उचललेली कड साफ केली, खड्डा तसाच राहू दिला. खड्डा त्रास देत नाही, त्याचा काठ देतो. नंतर त्या ॲक्सलला वेगळं काही करावं लागलं नाही.

रिंग ठोकताना आवाज ऐका. ती बैठकीला भिडली की ठक्क असा भरीव आवाज येतो. मग त्याच खाचांमधून सर्वात पातळ फीलर गेज (फट मोजायची पट्टी) रिंगेमागे घालून बघा. कुठेही शिरता कामा नये. रिंग ठोकण्याआधी तेलाच्या वाटा, कोपऱ्यातला जुना गाळ, सील काढताना उडालेला चुरा हे सगळं धुऊन काढा.

दुसरी जागा शिमची. पातळ शिमचा गठ्ठा करून जाडी जुळवली तर प्रत्येक दोन शिममध्ये तेलाचा थर आणि कडेची धार शिल्लक राहते. गठ्ठा स्प्रिंगसारखा वागतो आणि सावकाश बसत जातो. शक्यतो एक जाड आणि एक पातळ, एवढ्यावर भागवा. शिमची कड बोटाने तपासा, धार असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासा, आणि कापडाने कोरडी पुसून लावा. जाडी प्रत्येकीची वेगळी मोजून बेरीज करू नका, पूर्ण गठ्ठा मायक्रोमीटरमध्ये धरून मोजा.

स्पेसरची दोन्ही तोंडं समांतर आहेत का, हे सहसा कोणी बघत नाही. चार जागी लांबी मोजा. कुठे फरक आला, तर नट आवळल्यावर आतली रिंग तिरकी दाबली जाते. अशा वेळी फ्लँज फिरवताना प्रत्येक फेरीत एकदा जड, एकदा हलकं लागतं.

तिसरी जागा फ्लँजच्या बाजूची. फ्लँजचं आतलं टोक लहान बेअरिंगच्या आतल्या रिंगेला टेकतं. तिथे तपकिरी-लालसर पूड दिसली तर समजा की चळत कधीच पुरेशी दाबली गेली नव्हती आणि दोन्ही तोंडं एकमेकांवर घासत होती. ते टोक झिजून खोलगट झालं असेल तर मशिनवर सरळ करून घ्या किंवा फ्लँज बदला. नटाखालचा वॉशर बशीसारखा वाकलेला असेल तर तोही जाऊ द्या. फ्लँजवर सीलच्या ओठाने खाच पाडली असेल, तर तिथे पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढते किंवा सील किंचित आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. ते गळतीचं काम, प्रीलोडचं नाही, पण हात तिथे गेलेलाच असतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे शिमचा इलाज चालत नाही. बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये बोटाच्या दाबाने बसत असेल, किंवा तिच्या बाहेरच्या अंगावर फिरल्याच्या रेघा असतील, तर भोक झिजलं आहे. चिकटवणारा द्रव लावून वेळ मारून नेणारे आहेत. हलक्या वापराच्या गाडीत तो काही काळ टिकेलही, पण मी त्यावर लांबचा प्रवास करणार नाही. हाउसिंग बदला किंवा भोक मोठं करून त्यात बुश बसवून घ्या.

क्रश स्लीव्ह असेल तर

स्लीव्ह चेपायला सुरुवात व्हायलाच मोठा जोर लागतो, कित्येकदा 300 न्यूटन-मीटरच्या पुढे. फ्लँज धरायला लांब पट्टी बोल्ट करा आणि नटाला लांब दांडा लावा. इम्पॅक्ट गन वापरू नका. तिच्या ठोक्यांनी रोलरचे व्रण रिंगेवर उमटतात, आणि शिवाय कुठे थांबायचं ते कळत नाही. बराच वेळ फ्लँज सैलच लागते, मग अचानक प्ले संपतो. तिथून पुढे घाई नाही. नट अगदी थोडा फिरवायचा, पिनियन अनेक फेऱ्या फिरवायचा, मोजायचं. शेवटच्या टप्प्यात नटाच्या इवल्याशा फिरण्याने आकडा दुप्पट होतो.

पुढे गेलात तर? नट मागे फिरवून आकडा जुळवता येतो, काट्यावर तो बरोबरही दिसतो. पण चेपलेली स्लीव्ह परत तेवढी लांब होत नाही. नटाखाली दाब उरत नाही, आतली रिंग शाफ्टवर फिरू लागते आणि थोड्याच दिवसांत सगळं सैल. जास्त चेपली गेली की स्लीव्ह फेकायची, नवी घालायची. वापरलेली स्लीव्ह पुन्हा वापरणं हे याच दुखण्याचं दुसरं कारण. कामाला लागण्यापूर्वी दोन स्लीव्ह आणि दोन नवे नट हाताशी ठेवावेत. ज्यांना हे वारंवार नको, त्यांनी पोलादी स्पेसर आणि शिमचा संच मिळत असेल तर तो बसवावा. वेळ जास्त जातो, पण पुढच्या वेळी सील बदलणं सोपं होतं.

किल्ल्याच्या तटासारख्या खाचांचा नट आणि स्प्लिट पिन असलेल्या जुन्या ॲक्सलमध्ये पिनचं भोक जुळेना म्हणून नट मागे घेतला जातो. तसं करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. टॉर्क मर्यादेबाहेर जात असेल तर नटाचं खालचं तोंड किंवा वॉशर थोडा घासून खाच जुळवा. हे पोलादी स्पेसरपुरतंच.

फक्त सील बदलायचं असेल तर

गाडी वर घ्या, मागची दोन्ही चाकं आणि ड्रम काढा म्हणजे ब्रेकचं घर्षण मध्ये येणार नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडवून फ्लँज फिरवायचा टॉर्क मोजा आणि लिहून ठेवा. यात क्राउन व्हीलच्या बेअरिंगचंही घर्षण धरलेलं असतं, म्हणून मॅन्युअलच्या आकड्याशी तुलना करू नका. तुलना स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी. नट, फ्लँज आणि शाफ्टच्या टोकावर एका रेषेत खूण करा, नटाबाहेर दिसणारे आटे मोजा. परत बसवताना फ्लँजच्या आतल्या खाचांना सीलंटचा पातळ थर द्या, नाहीतर तेल सीलला वळसा घालून तिथून नटाकडे येतं. क्रश स्लीव्हमध्ये नट खुणेपर्यंत न्या आणि टॉर्क मोजा. नव्या सीलमुळे आकडा किंचित वर येईल, तेवढा चालतो. खुणेच्या बराच पुढे गेल्यावरच आकडा येत असेल, तर बेअरिंग आधीच संपलेली होती. तिथे सीलचं काम थांबवून ॲक्सल उतरवायचा.

रीडिंग विचित्र येत असेल तर

शिम काढत जाता, पण आकडा हलत नाही? मग नटाचा जोर बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. एकतर नट आट्यांच्या शेवटाला अडतोय, किंवा लहान बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घट्ट अडकली आहे. शाफ्टवर ओरखडा असेल तर बारीक पेपरने साफ करा आणि रिंग नटाने ओढून पूर्ण बसवा. चाचणीपुरती जुन्या लहान बेअरिंगची आतली रिंग घासून सैल करून ठेवणं फार उपयोगी पडतं, कारण शिम बदलायला दर वेळी पुलर लावावा लागत नाही. पण शेवटचं माप नव्या बेअरिंगवरच घ्या, दोन बेअरिंगच्या उंचीत फरक असतो.

फिरवताना हाताला बारीक दाणे लागत असतील तर बेअरिंगमध्ये घाण आहे किंवा रिंगेवर व्रण आहेत. धुऊन, तेल लावून पुन्हा बघा. दाणे राहिले तर ते बेअरिंग गेलं. नट हातानेच लावलाय आणि पिनियन आत्ताच जड फिरतोय, तर बाहेरची एखादी रिंग पूर्ण बसलेली नाही किंवा स्पेसर भलताच आहे.

जुळवलेला प्रीलोड लगेच खरा मानू नका. पिनियन बराच फिरवा, फ्लँजच्या टोकावर दोन्ही दिशांनी नरम हातोड्याने हलके ठोके द्या, पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर काहीतरी बसलं. ते रस्त्याऐवजी बाकावर बसलेलं बरं. आकडा टिकेपर्यंत हे करा, मग सील, मग क्राउन व्हील.

पहिल्या फेऱ्या छोट्या ठेवा, मध्ये थांबून हाउसिंगच्या नाकाला हात लावा. कोमट किंवा गरम असणं ठीक, पण हात क्षणभरही ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त आहे किंवा तेल कमी. काही शे किलोमीटरनंतर प्रॉपेलर शाफ्ट सोडवून डायल गेजने पुन्हा एकदा चाल बघा आणि तेल बदला. निचऱ्याच्या बुचावर चुंबक असेल तर त्याला चिकटलेली राखाडी लापशी सुरुवातीला अपेक्षितच आहे. चकाकणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर गाडी पुढे चालवू नका.